एका छिद्राच्या दोन कहाण्या : ब्रिस्टलच्या कार्बन-लॅमिनेट चाचण्यांचा प्रकरण अभ्यास

कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या घ्या. दोन्हींची जाडी ४ मिलिमीटर, रुंदी साधारण १६ मिलिमीटर आणि मधोमध एक सुताचे, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरचे भोक. दोन्हींत तोच धागा, धागे धरून ठेवणारे तेच रेझिन. प्रत्येकीत ३२ थर, आणि कुठल्या दिशेला किती थर याचा हिशोबही तंतोतंत सारखा. वजनकाट्यावर ठेवल्या तर फरक कळणार नाही. मशीनमध्ये लावून ओढल्या, तर एक साधारण ३० किलोन्यूटनला तुटते आणि दुसरी साडेसतरालाच हात टेकते.

आता तीच जोडी आठपट मोठी करा, पण जाडी ४ मिलिमीटरच ठेवा. भोक एक इंचाचे, रुंदी १२७ मिलिमीटर. या वेळी निकाल उलटतो. मघाशी हरलेली रचना २१० किलोन्यूटनच्या आसपास जाते आणि जिंकलेली १७० च्या आतच संपते.

हे आकडे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या बेन ग्रीन, मायकेल विस्नम आणि स्टीफन हॅलेट यांच्या चाचणी-मालिकेतले आहेत. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. छिद्र असलेल्या कंपोझिटच्या, म्हणजे धागे आणि रेझिन मिळून बनलेल्या पदार्थाच्या, ताकदीबद्दल आधी आणि नंतर पुष्कळ काम झाले, पण 'भोक पडल्यावर ताकद किती उरते?' या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाची इतकी स्वच्छ उलटतपासणी मला दुसरीकडे क्वचितच दिसली. म्हणून हे एकच प्रकरण नीट उलगडून पाहू.

भोक टाळता का येत नाही

विमानाच्या पंखाची कातडी कार्बन फायबरची असली, तरी ती सांगाड्याला बोल्टने जोडावी लागते. चिकटवण्याचा पर्याय असतो, पण मुख्य भार वाहणाऱ्या जोडात फक्त चिकटवणीवर विसंबायला प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणा सहजासहजी तयार होत नाहीत. म्हणजे भोके आली. वायर, पाइप आणि तपासणीची झाकणे यांच्यासाठी आणखी भोके. बोइंग ७८७ च्या सांगाड्याचे निम्मे वजन कंपोझिटचे आहे. आपल्या तेजसमध्येही हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या घरात आहे. अशा विमानात किती जागी ड्रिल फिरते, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

धातूत भोकाचा प्रश्न बराच सोपा असतो. जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये गणित मांडले : रुंद पत्र्यात गोल भोक असेल, तर त्याच्या कडेला स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागचा भार, तिप्पट होतो. पण ॲल्युमिनियम किंवा पोलाद कडेला थोडे यील्ड होते, म्हणजे न तुटता कायमचे ताणले जाते, जास्तीचा भार शेजारच्या भागावर सोपवते, आणि शेवटी नुकसान जवळजवळ तेवढेच होते जेवढे क्षेत्रफळ भोकाने खाल्ले. काच याच्या बरोबर उलट. ती काहीच सोडून देत नाही, कडेला तिप्पट म्हणजे तिप्पट.

कार्बन-एपॉक्सी, म्हणजे आपल्या पट्ट्यांचा पदार्थ, या दोघांच्या मधे कुठेतरी बसते, आणि हा 'कुठेतरी' फार सरकता आहे. एकाच दिशेच्या धाग्यांची पट्टी धाग्यांच्या दिशेने ओढली, तर भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट नव्हे, सातपटीच्या आसपास जातो. चारही दिशांना समान थर असलेल्या लॅमिनेटमध्ये (थरांवर थर चिकटवून केलेल्या पत्र्यात), ज्याला क्वासी-आयसोट्रॉपिक म्हणतात, तो पुन्हा तीनवर येतो. पण हा हिशोब लवचिक अवस्थेचा. प्रत्यक्षात रेझिनमध्ये बारीक तडे पडतात, शून्य अंशाचे, म्हणजे ओढण्याच्या दिशेचे, धागे भोकाच्या दोन्ही अंगांनी उभे फाटतात, थर थोडे सुटतात. हे नुकसानच कडेवरचा स्ट्रेस बोथट करते. छोटी मोडतोड मोठी मोडतोड लांबवते, हे या पदार्थाचे मूळ वागणे. पुढचे सगळे प्रकरण त्यावरच उभे आहे.

रूढ समजूत काय होती

मोठे भोक लहान भोकापेक्षा जास्त घातक, हे सत्तरच्या दशकापासून माहीत होते. भोक आणि रुंदी एकाच प्रमाणात वाढवली, तरी ताकद घसरते. किर्शच्या तिपटीला हे समजावता येत नाही, कारण तिप्पट म्हणजे तिप्पट, भोक सुताचे असो की इंचाचे. वॉडप्स आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये भोकाच्या कडेला एक काल्पनिक तडा धरून वाट काढली. १९७४ मध्ये व्हिटनी आणि न्यूइस्मर यांनी त्याहून सोपी युक्ती मांडली : कडेवरचा स्ट्रेस पाहू नका, कडेपासून ठराविक अंतरावर, साधारण १ मिलिमीटरवर, काय आहे ते पाहा. तिथे बिनभोकाच्या लॅमिनेटची ताकद गाठली गेली की पट्टी तुटली समजा.

ही युक्ती आजही वापरात आहे आणि का आहे हे कळते. मोठ्या भोकाभोवती वाढीव स्ट्रेसचा पट्टा रुंद असतो, म्हणून एक मिलिमीटर आत गेले तरी सुटका नाही. लहान भोकाभोवती तो लगेच विरतो. हिशोब करून पाहिला, तर सुताच्या भोकाला मूळ ताकदीच्या सुमारे ७१ टक्के उरायला हवी आणि इंचाच्या भोकाला सुमारे ३९. भोक आणखी वाढवत नेले, तर हा आकडा एक-तृतीयांशाकडे सरकतो. एक गोष्ट या सूत्रात होऊच शकत नाही : भोक वाढले आणि ताकदही वाढली, असे उत्तर त्यातून कधीच निघणार नाही.

नमुने

ब्रिस्टलच्या गटाने पदार्थ घेतला हेक्सेलचा आयएम७/८५५२. विमानउद्योगातला हा अगदी ओळखीचा प्रीप्रेग (रेझिन आधीच मुरवलेले धाग्यांचे थर), तापवून पक्का झाल्यावर एका थराची जाडी ०.१२५ मिलिमीटर. रचना क्वासी-आयसोट्रॉपिक : ४५, ९०, उणे ४५ आणि ० अंश, आणि मध्यापासून खाली त्याचेच प्रतिबिंब. आठ थरांचे १ मिलिमीटर हे मूळ लॅमिनेट. त्यावरून २, ४ आणि ८ मिलिमीटरपर्यंत जाडी वाढवायची होती.

जाडी वाढवायच्या वाटा दोन. चार दिशांच्या चार थरांचा संच तसाच पुन्हापुन्हा रचत जायचा आणि मध्यापासून त्याचे प्रतिबिंब घ्यायचे, म्हणजे मध्य सोडला तर प्रत्येक थर एकेकटाच राहतो आणि वेगवेगळ्या दिशा एकमेकींत मिसळलेल्या असतात. किंवा एका दिशेचे चार थर सलग ठेवायचे, मग पुढच्या दिशेचे चार, असे करत ठोकळे रचायचे. सोयीसाठी पहिल्या प्रकाराला 'विखुरलेली' आणि दुसऱ्याला 'ठोकळ्यांची' रचना म्हणू. ४ मिलिमीटरच्या ठोकळ्यांच्या पट्टीत ४५, ९० आणि उणे ४५ चे ठोकळे अर्धा मिलिमीटर जाडीचे होतात. मध्यावर शून्याचे दोन ठोकळे पाठीला पाठ लावून आल्याने तिथे पूर्ण मिलिमीटर.

लॅमिनेट थिअरीच्या साध्या गणिताला या दोन पट्ट्यांत फरकच दिसत नाही. ओढण्याच्या दिशेची स्टिफनेस, म्हणजे ताठपणा, तीच, आणि सपाट ताणाखाली प्रत्येक थरातला स्ट्रेसही तोच. शॉपफ्लोअरवरून पाहिले, तर ठोकळे रचणे सोपे आणि चुका कमी. म्हणून हा मोह खरा आहे.

भोके चार मापांची : ३.१७५, ६.३५, १२.७ आणि २५.४ मिलिमीटर. म्हणजे एक सूत, दोन सूत, अर्धा इंच, इंच. रुंदी नेहमी भोकाच्या पाचपट, ग्रिपमधली लांबी वीसपट. हे प्रमाण कायम ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. पट्टीची रुंदी मर्यादित असली की कडेचा गुणक तीनहून थोडा वर जातो. पाचपट रुंदीला तो ३.१४ च्या आसपास येतो. प्रमाण सगळीकडे एकच असल्याने ही दुरुस्तीही सगळीकडे एकच राहते, आणि निकालांत जो फरक दिसतो तो आकाराचाच, हे छातीठोकपणे म्हणता येते. एएसटीएम डी५७६६ या नेहमीच्या मानकात ३६ मिलिमीटर रुंदीला ६ मिलिमीटरचे भोक, म्हणजे सहापट असते. त्यामुळे त्या चाचणीचा आकडा इथल्या आकड्याशेजारी ठेवताना भान ठेवावे.

ताकद काढताना भार भागिले पट्टीचे पूर्ण क्षेत्रफळ, भोक वजा न करता. नवख्या माणसाला हे चुकल्यासारखे वाटते. पण डिझायनरला भोकाशेजारचा नव्हे, तर कातडीतला दूरचा स्ट्रेस माहीत असतो, आणि त्याच्याशी थेट तुलना करता यावी म्हणून हीच रीत मान्य आहे.

भोक पाडणे हा तर स्वतंत्र विषय. ड्रिल जिथून बाहेर पडते तिथे शेवटचे थर ढकलले जाऊन उचलले जातात. मागे आधाराची फळी, धारदार कार्बाइडचे बिट, आधी थोडे कमी मापाचे भोक आणि मग रीमरने पूर्ण माप, ही काळजी घेतली नाही तर चाचणी पदार्थाची न होता ड्रिलवाल्याची होते. या प्रकरणात तर थर सुटणे हाच मुद्दा असल्याने भोकाची स्वच्छ कड ही पूर्वअटच.

ओढल्यावर

विखुरलेल्या रचनेच्या ४ मिलिमीटर पट्ट्या आधी पाहू. सुताच्या भोकाला ताकद ४८० मेगापास्कलच्या आसपास, दोन सुतांना ४३० च्या जवळ, अर्ध्या इंचाला ३७५, आणि इंचाच्या भोकाला ३३०. भोक आठपट झाले आणि ताकद जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घसरली. व्हिटनी-न्यूइस्मरच्या सूत्राने भाकित केलेली घसरण याहून मोठी होती, पण दिशा बरोबर. इथपर्यंत कुणाला धक्का बसायचे कारण नाही.

ठोकळ्यांच्या ४ मिलिमीटर पट्ट्यांनी मात्र सूत्राकडे पाठ फिरवली. सुताच्या भोकाला २७५ च्या आसपास, दोन सुतांना २८५, अर्ध्या इंचाला ३६०, आणि इंचाच्या भोकाला ४१५ च्या पुढे. भोक वाढत गेले तशी ताकद चढत गेली. सूत्रातला अंतराचा आकडा बदलून हे जुळवता येत नाही, कारण चूक आकड्यात नाही, दिशेत आहे.

आता भोक सुताचेच ठेवून फक्त जाडी वाढवली तर काय होते? १ मिलिमीटरची मूळ पट्टी ५७० मेगापास्कलच्या आसपास तुटली. विखुरलेली रचना २ मिलिमीटरला ५०० वर आली, पुढे ४ आणि ८ मिलिमीटरला ४८० च्या थोडे आत स्थिरावली. ठोकळ्यांची रचना मात्र कोसळत गेली : ४०० च्या जवळ, मग २७५, आणि ८ मिलिमीटरला २०० च्या आसपास. तेच भोक, तोच पदार्थ, आणि ताकद जवळजवळ दोन-तृतीयांशाने गेली. जाड केले म्हणून मेगापास्कलमध्ये एवढे कमजोर झाले, हे वाक्य धातूवाल्या माणसाला ऐकवून पाहावे.

आत काय चालले होते

फक्त मोडलेले तुकडे पाहून कारण कळले नसते. शेवटच्या क्षणी सगळेच विस्कटते आणि आधीच्या खुणा पुसल्या जातात. म्हणून काही नमुने मोडण्याआधीच, वेगवेगळ्या भाराला थांबवून बाहेर काढले, तड्यांत क्ष-किरण अडवणारा द्रव मुरवला आणि एक्स-रे काढले. पूर्ण मालिकेतला मला सगळ्यात आवडणारा भाग हा. मशीनचा ग्राफ किती हे सांगतो, कसे ते या चित्रांत दिसले.

सुरुवात भोकाच्या कडेला. ती मोकळी कड आहे आणि वेगवेगळ्या दिशांचे थर तिथे एकमेकांना सोडू पाहतात. आधी ४५, ९० आणि उणे ४५ अंशांच्या थरांत रेझिनचे तडे पडतात, प्रत्येक थरात त्याच्या त्याच्या धाग्यांना समांतर. एका थरातला तडा पुढच्या थरातल्या तड्याला दोन थरांमधल्या छोट्याशा डीलॅमिनेशनने, म्हणजे थर सुटण्याने, जोडला जातो. असे करत नुकसान जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखे पृष्ठभागापासून आत सरकते आणि उणे ४५ व ० यांच्या सांध्यापाशी पोचते. ही शेवटची पायरी. तिथे खरा भार वाहणारा शून्याचा ठोकळा आहे. हा सांधा एकदा धावत सुटला, की वरचे सगळे थर शून्यापासून वेगळे होतात. धागे शाबूत असतात, पण लॅमिनेट लॅमिनेट राहिलेले नसते.

आता जाडीचा संबंध. सांधा उघडताना मोकळी होणारी ऊर्जा ठोकळ्याच्या जाडीच्या प्रमाणात आणि स्ट्रेसच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ठोकळा चौपट जाड झाला, तर सांधा सुटायला लागणारा स्ट्रेस ढोबळमानाने निम्मा. याच पदार्थाच्या बिनभोकाच्या ठोकळेवाल्या पट्ट्यांतही हेच दिसले होते. तिथे १ मिलिमीटरला ८४० च्या आसपास असलेली ताकद ८ मिलिमीटरला ४६० च्या घरात आली, कारण थर बाहेरच्या कडेपासून सुटत होते. भोकाने सुटायला आणखी एक कड दिली, एवढेच.

विखुरलेल्या पट्टीत ०.१२५ मिलिमीटरचे एकेकटे थर असतात. त्यांच्यात सांधा धावायला पुरेशी ऊर्जाच साठत नाही. तडे पडतात, पण कडेपाशीच थांबतात. शेवटी धागेच तुटतात. भोक लहान असताना हे कडेचे नुकसान भोकाच्या मानाने पुरेसे मोठे असते आणि स्ट्रेस बोथट करते, त्यामुळे तुटलेली कड झिपरी, धागे बाहेर ओढले गेलेले. भोक मोठे असताना तेवढेच नुकसान नगण्य ठरते आणि पट्टी काचेसारखी सरळ रेषेत, आडवी तुटते.

ठोकळ्यांच्या पट्टीतही नुकसानाचा आवाका ठोकळ्याच्या जाडीवरच ठरतो, फक्त तो बराच मोठा. सुताच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना उरतात प्रत्येकी जेमतेम ६.३५ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या ठोकळ्यांतून उतरलेले नुकसान तेवढे अंतर झटकन ओलांडते आणि धाग्यांची ताकद पणाला लागण्याआधीच थर सुटतात. इंचाच्या भोकाशेजारी दर बाजूला पन्नास मिलिमीटर आहेत. ठोकळा तोच, म्हणून आवाकाही तोच, पण आता तो प्राणघातक नाही. उलट भोकाची कड बोथट करायला तो अगदी पुरेसा. म्हणून सुताच्या भोकाला विखुरलेली रचना सरस आणि इंचाच्या भोकाला ठोकळ्यांची. ताकद ठरवणारे माप भोकाचा व्यास नाही, ठोकळ्याची जाडीही नाही. त्या दोघांचे गुणोत्तर आहे.

'मोडले' कधी म्हणायचे

धागे तुटतात तिथे वाद नसतो. मोठा आवाज होतो, भार शून्यावर येतो, काम संपते. ठोकळ्यांच्या पट्टीत तसे होत नाही. सांधा धावतो, ग्राफ खाली येतो, पण शून्याचे धागे अजून दोन्ही ग्रिपांना जोडलेलेच असतात. त्यामुळे पट्टी आणखी भार घेऊ शकते. ब्रिस्टलच्या गटाने ठरवले, की भारात पहिली ठळक घट, पाच टक्क्यांहून मोठी, म्हणजे मोडणे.

हा निर्णय आहे, निरीक्षण नव्हे, आणि तो मला पटतो. थर सुटलेली कातडी विमानावर ठेवून 'अजून तुटली कुठे?' असे कोणी म्हणणार नाही. दाब आला, की सुटे थर एकेकटे बकल होतील, म्हणजे वाकून दुमडतील. पण हाच नमुना दुसऱ्या कुणी कमाल भार नोंदवून मांडला, तर आकडा वेगळा येईल आणि कागदावर दोन्ही 'ओपन-होल टेन्साइल स्ट्रेंग्थ' (भोक असलेल्या पट्टीची ओढण्याखालची ताकद) म्हणूनच छापले जातील. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत अशी कुरबुर ऐकली, तर आधी हेच विचारावे, की तुम्ही मोडणे कशाला म्हटले.

डी५७६६ चा अहवाल मागवणाऱ्यांची सवय असते, की सरासरी आणि विचलन पाहायचे आणि पान उलटायचे. मोडण्याच्या प्रकाराचा जो तीन अक्षरी कोड शेजारच्या रकान्यात असतो, तो या प्रकरणानंतर सरासरीइतकाच मोलाचा ठरतो. धागे तुटून आलेले ४०० आणि थर सुटून आलेले ४०० यांना पुढच्या मापाच्या भोकासाठी वापरायचे, तर पहिले खाली न्यावे लागेल आणि दुसरे कदाचित वर.

कारखान्यातला उपयोग

एका दिशेचे चारहून जास्त थर सलग ठेवू नयेत, असा लेअपचा, म्हणजे थर रचण्याचा, जुना दंडक विमानउद्योगात आहे. पुष्कळ जण तो परंपरा म्हणून पाळतात. त्यामागे काय आहे, ते या चाचण्यांत उघड्या डोळ्यांनी दिसते. पण दंडक थरांच्या संख्येत सांगितलेला आहे आणि सांध्याला संख्या कळत नाही, जाडी कळते. आज स्वस्त आणि झटपट रचाई म्हणून जाड प्रीप्रेग किंवा जड कापड वापरले, तर एकच थर अर्धा मिलिमीटर भरू शकतो. तिथे चार थर म्हणजे दोन मिलिमीटरचा ठोकळा झाला. पवनचक्कीची पाती किंवा बोटी यांच्या जाड लॅमिनेटमध्ये विमानाचा नियम शब्दशः उचलण्यात हा धोका आहे. उलट बाजूने पाहिले तर अतिपातळ थर ही सगळीकडे चालणारी जादू नव्हे. ते थर सुटू देत नाहीत हे खरे, पण मोठ्या कटआउटच्या कडेला जी बोथटाई हवी असते तीही हिरावून घेतात.

संगणकी मॉडेलसाठीही हे प्रकरण एक चांगली कसोटी ठरले. हॅलेट आणि सहकाऱ्यांनी पुढे थरांच्या मधे कोहेझिव्ह एलिमेंट (थरांमधला सांधा सुटू शकेल असे मॉडेलचे घटक) टाकून आणि भोकाच्या अंगाने उभ्या फुटणाऱ्या फाटी आधीच मांडून ही उलटी चढण पकडली. जे मॉडेल फक्त विखुरलेल्या रचनेची घसरण दाखवते त्याला मी फार भाव देणार नाही, ते काम १९७४ चे सूत्रही करते. चढणारी मालिका आणि उतरणारी मालिका एकाच इनपुटवर आली पाहिजे.

हे सगळे ओढण्याचे. दाबण्याची चाचणी, डी६४८४, वेगळ्या वाटेने जाते : तिथे भोकाच्या कडेला धागे सूक्ष्म प्रमाणात वाकतात आणि आडव्या पट्ट्यात मोडतात, आणि त्यांना सरळ धरून ठेवण्याचे काम रेझिनचे असते. रेझिन उष्णतेने आणि मुरलेल्या ओलाव्याने मऊ पडते. म्हणून कातडीची जाडी ठरवताना पुष्कळदा शेवटचा शब्द गरम-ओल्या अवस्थेतल्या, दाबाखालच्या पाव इंची भोकाचा असतो, आणि ब्रिस्टलच्या या कोरड्या, ओढलेल्या पट्ट्यांचे आकडे थेट त्याच्या जागी घालता येत नाहीत.